रंगीत पेन्सिली कुठल्या घ्याव्यात? (७२ चा डबा घेऊन पस्तावले आहे)

निळीशाई

नमस्कार मंडळी.

इंटरमिजिएटची परीक्षा दिली आणि चित्रकलेशी माझा संबंध तुटला. पुढं बँक, लग्न, बदल्या. आता मुलगा बारावीला आहे. त्यामुळं घरात टीव्ही बंद, मोठ्यानं बोलणं बंद. मग संध्याकाळी करायचं काय, म्हणून परत कागद काढला. पाण्याचे रंग काढले की पसारा होतो, म्हणून पेन्सिली.

दिवाळीच्या सेलमध्ये ७२ रंगांचा पत्र्याचा डबा मागवला. डबा इतका देखणा की दोन दिवस नुसता उघडझाप करत बसले. तिसऱ्या दिवशी रंगवायला घेतलं तर नऊ निळ्या पेन्सिली कागदावर नऊच्या नऊ सारख्याच. हलक्या हातानं चालवलं तर रंग उमटत नाही, जोर दिला तर टोक मोडतं. पांढरी पेन्सिल कशासाठी दिलीय ते देव जाणे.

रंगवतेय काय, तर बाबांची चप्पल. कापशी, म्हणजे कोल्हापुरीतलाच एक प्रकार. पंधराएक वर्षं वापरलेली, तेल पिऊन पिऊन गुळाच्या ढेपेसारखी झालेली, अंगठ्याच्या जागी खळगा. टीपॉयवर मांडून ठेवलीय. पाच दिवस झाले, रंग विटकरीच्या पुढं सरकत नाही.

प्रश्न:
तीन हजारापर्यंत खर्च करायची तयारी आहे. काय घेऊ?
मेणाच्या आणि तेलाच्या पेन्सिली म्हणतात, तो काय प्रकार?
कोल्हापुरात मिळतात की पुन्हा ऑनलाइनच्याच नादी लागायचं?

तांबडा_रस्सा

टीपॉयवर चप्पल? आमच्या शिवाजी पेठेत असं केलं असतं तर कागदावर उमटायच्या आधी पाठीवर उमटली असती.

सातवी_ब_ची_आई

माझ्याकडं हाच डबा आहे बहुतेक. सोनेरी नक्षीचा? आम्ही त्यात आता सुया-दोरे ठेवतो.

घनसाळ

निळीशाई, तुमच्यासारखाच डबा घेऊन मीही सुरुवात केली होती, त्यामुळं सविस्तर लिहितो.

रंगीत पेन्सिलीच्या शिशात ढोबळमानानं तीन गोष्टी असतात: रंगद्रव्य, ते धरून ठेवणारा चिकट पदार्थ, आणि मेण किंवा तेल. शिवाय चिकणमातीसारखं भरताड. स्वस्त पेन्सिलीत रंगद्रव्य कमी आणि भरताड जास्त. तुमच्या नऊ निळ्या सारख्या दिसतात त्या त्यामुळं. वरचा लाकडाचा रंग वेगळा, आतला माल एकच.

मेणाची पेन्सिल मऊ. लोण्यासारखी चालते, रंग पटकन भरतो, पण टोक लगेच बोथट होतं. प्रिझमाकलर प्रीमियर ही त्यातली सगळ्यांना माहीत असलेली, १५० रंगांत येते. तेलाची जरा कडक, टोक टिकतं, बारीक रेघ छान येते, थरावर थर चढवता येतात. फेबर-कॅसलची पॉलीक्रोमोस ही तेलाची, १२० रंग. तेलाची म्हणजे हाताला तेल लागतं असं नाही हं. आणि मेणाच्या पेन्सिलीत तेल किंवा तेलाच्या पेन्सिलीत मेण अजिबातच नसतं असंही नाही. कशाचं प्रमाण जास्त, एवढाच प्रश्न.

दुसरं, नुसतं कंपनीचं नाव बघून घेऊ नका. एकच कंपनी शाळेच्या पोरांसाठी एक माल काढते आणि चित्रकारांसाठी दुसरा. नाव तेच, डब्याचा रंगही कधी कधी तोच. आत जमीन-अस्मानाचा फरक.

आता सल्ला. डबा घेऊ नका. सुट्ट्या घ्या. तुम्हाला चप्पल काढायचीय, तर त्यात गुलाबी आणि पोपटी काय करायचंय? चांगल्या प्रतीच्या सुट्ट्या पेन्सिलीला आजकाल शंभराच्या पुढं पडतात, पण दहा-बारात तुमचं काम भागतं.

मुठेकाठी

घनसाळ यांच्याशी असहमत. मी मूळची मंगळवार पेठेतली, आता पुण्यात. मीही सुट्ट्या घेत घेत गेले आणि शेवटी हिशेब केला तर अख्ख्या सेटच्या वर पैसे गेले होते, आणि एक रंग तीन वेळा घेतला होता. घ्यायचाच तर एकदाच मोठा सेट घ्या. १२० नाही तर निदान ६०. रंग समोर असला की हात तिकडं जातो. नसला की आपण "असू दे" म्हणून विटकरीवर भागवतो.

घनसाळ

एक रंग तीन वेळा घेतला हा पेन्सिलीचा दोष नव्हे ताई. :)

मुठेकाठी

तो दोष दुकानदाराचा. त्यानं आठवण करून द्यायला पाहिजे होती.

खडूमास्तर

मी चित्रकला शिक्षक म्हणून एकतीस वर्षं काढली, आता निवृत्त. या चर्चेत कागदाचं नाव अजून कुणी काढलेलं नाही. निळीशाई, तुम्ही कशावर रंगवताय?

निळीशाई

मुलाच्या प्रोजेक्टचे उरलेले कागद आहेत, सर. झेरॉक्सचे. :(

खडूमास्तर

मग पेन्सिलीला शिव्या देऊ नका. निदान अर्ध्या तरी देऊ नका.

घरात पाटा-वरवंटा बघितलाय ना? नव्या पाट्याला टाकी लावलेली असते, म्हणजे छिन्नीनं ठोकून बारीक खाचा पाडलेल्या असतात, म्हणून मिरची वाटली जाते. टाकी झिजली की वरवंटा नुसता घसरतो, वाटण होत नाही. मग टाकीवाल्याची वाट बघायची. कागदाचं तसंच आहे. कागदाला जी बारीक खरखर असते, तिच्या खाचांत रंग जाऊन बसतो. झेरॉक्सचा कागद गुळगुळीत आणि पातळ. दोन थरांत खाचा भरल्या, तिसरा थर घसरला. तुम्ही म्हणता रंग विटकरीच्या पुढं सरकत नाही, तो याच्यामुळं.

दोनशे जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप, जास्त म्हणजे जाड) आसपासचा कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा जाड कागद घ्या. फार खरखरीत नको, नाहीतर पांढरे ठिपके ठिपके राहतात. बारीक काम करायचं असेल तर ब्रिस्टल हा गुळगुळीत जाड कागद, पण त्याच्यावर थर कमी बसतात. आणि मागं बोटानं चाचपून बघा, पुष्कळ कागदांच्या दोन बाजू वेगळ्या असतात.

दुसरी गोष्ट हाताची. पेन्सिल मागं धरा, टोकाजवळ नको. पहिले तीन-चार थर इतके हलके द्या की "काहीच होईना" असं वाटलं पाहिजे. आमची पोरं पहिल्याच थराला जोर काढायची आणि मग खोडरबर मागायची. दाबलेला रंग खोडरबरानं जात नाही, कागद तेवढा फाटतो.

तांबडा_रस्सा

मास्तर, टाकी लावणारा शेवटचा कधी बघितला? आमच्या गल्लीत "टाऽऽकी" अशी हाळी यायची. मला लहानपणी वाटायचं पाण्याची टाकी विकतोय.

पेठेतली_मावशी

अजून येतो आमच्याकडं एक, वर्षातनं एकदा. पाटा असणारी घरंच तीन राहिलीत. मिक्सरला टाकी लागत नाही. :D

इचलकरंजीचा_माग

पेन्सिलीतलं मला काही कळत नाही. सुतातलं आणि रंगातलं थोडं कळतं, म्हणून लिहितो.

आमच्याकडं कापडाचा रंग पक्का की कच्चा हे आधी विचारतात. कच्चा रंग धुतला की जातो आणि उन्हात विटतो. पेन्सिलीच्या बाबतीत धुण्याचा प्रश्न नाही, पण उन्हाचा आहे ना? याच्यावर कुणी बोललं नाही.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

अगदी माझ्या दुखण्यावर बोट ठेवलंत.

मी मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला तिचं चित्र काढलं होतं. गुलाबी फ्रॉक, मागं जांभळी बोगनवेल. फ्रेम करून दक्षिणेच्या खिडकीसमोर लावलं. दोन वर्षांनी फ्रॉक पांढरा, बोगनवेल करडी. केस, डोळे, भिंतीचा तपकिरी, सगळं जसंच्या तसं. मुलगी विचारते, "मी तेव्हा पांढरा फ्रॉक घातला होता का?" आता काय सांगू. पेन्सिली काही अगदी स्वस्तातल्या नव्हत्या.

घनसाळ

गुलाबी आणि जांभळे हेच सगळ्यात आधी दगा देतात. चांगल्या कंपन्यांचेसुद्धा.

म्हणून पेन्सिलीवर किंवा कंपनीच्या रंगतक्त्यावर लाइटफास्टची, म्हणजे रंग उजेडात किती टिकतो त्याची खूण असते ती बघायची. पॉलीक्रोमोसवर तारे असतात, तीन तारे म्हणजे उन्हाला सगळ्यात टिकाऊ. अमेरिकेतल्या एएसटीएम या संस्थेचं रंगीत पेन्सिलींसाठी स्वतंत्र मानक आहे, डी-६९०१. कॅरन डॅशच्या ल्युमिनान्स पेन्सिलींच्या नावात ६९०१ हा आकडा आहे तो तिथून आलाय. मला वर्षभर वाटायचं तो रंगाचा नंबर असावा.

आणि खूण नसेल तर घरी तपासा. एका पट्टीवर सगळे रंग ओढा, अर्धी पट्टी जाड काळ्या कागदानं झाका, खिडकीच्या काचेला चिकटवा आणि विसरून जा. तीन-चार महिन्यांनी काळा कागद काढा. माझ्या डब्यातल्या दोन गुलाबी आणि एक जांभळी अशी चोरी करताना सापडल्या.

इचलकरंजीचा_माग

मग चपलेला भीती नाही. तपकिरी, पिवडी, गेरू हे सगळे मातीचे रंग. त्यांच्यात असतं ते लोखंडाचं गंजणं. तुळशीवृंदावनाला गेरू लावतो, त्याचा रंग उन्हानं उडत नाही, पावसानं धुऊन जातो एवढंच. जे आधीच गंजलंय त्याला ऊन काय करणार?

निळीशाई

@इचलकरंजीचा_माग, हे भारी सांगितलंत. म्हणजे बाबांची चप्पल टिकणार. खरी तर टिकलीच आहे.

@शाहूपुरी, वाईट वाटलं वाचून. फोटो काढून ठेवला होता का?

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

फोटो आहे. त्याच्यावरून पुन्हा काढायचं मनात आहे. पण आता ती सात वर्षांची आहे आणि म्हणते फ्रॉक निळा कर.

सातवी_ब_ची_आई

थोडं विषयांतर. माझी मुलगी यंदा एलिमेंटरीला बसणार आहे. तिला पेन्सिली घेऊन देऊ का? मास्तर, सांगा ना.

खडूमास्तर

सरावाला जरूर द्या, हात वळतो. परीक्षेच्या दृष्टीनं म्हणाल तर वेळ मोजका असतो आणि कागद मोठा. पेन्सिलीनं एवढा कागद भरायचा तर पोरगं रंगवतच बसणार आणि घंटा होणार. स्मरणचित्राला माणसं, झाडं, आकाश सगळं भरायचं असतं. ब्रशनं दोन मिनिटांत होतं ते पेन्सिलीला वीस मिनिटं लागतात. बाकी तिच्या शाळेतल्या सरांना विचारा, तेच खरं.

वडणगेकर

माझा अनुभव वेगळाच. २०१९ च्या पुरात आमच्या घरात पाणी शिरलं. कपाटाच्या खालच्या कप्प्यात माझ्या पेन्सिली होत्या. आठ दिवसांनी घर उघडलं तर चिखलानं भरलेला डबा. धुऊन वाळवल्या. स्वस्तातल्या सगळ्या मधोमध उकलल्या, शेंगेसारख्या दोन फाका. तेव्हा कळलं की पेन्सिल म्हणजे दोन फळ्यांच्या मध्ये शिसं ठेवून चिकटवलेलं सँडविच असतं. चांगल्यातल्या सहा होत्या, त्यातल्या पाच आजही चालतात. लाकूड जरा काळवंडलंय. मी त्यांना पूरग्रस्त म्हणतो.

तांबडा_रस्सा

अनुदान मिळालं का त्यांना?

वडणगेकर

पंचनाम्यात धरलं नाही भावा.

निळीशाई

मोडण्याबद्दल कुणीतरी सांगा. शार्पनरमध्ये घातली की टोक आतच राहतं. पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. एक चॉकलेटी पेन्सिल अशी अर्धी संपली, कागदाला न लागताच.

घनसाळ

साध्या पेन्सिलीचं शिसं ग्रॅफाइट आणि चिकणमातीचं. ते भट्टीत भाजतात, म्हणून कडक. रंगीत शिसं भाजता येत नाही, मेण वितळेल आणि रंग जळेल. नुसतं वाळवतात. त्यामुळं ते मुळातच नाजूक. एकदा फरशीवर पडली की आतल्या आत चार तुकडे होतात, बाहेरून काही दिसत नाही. मग शार्पनरला दोष.

दुकानात घेताना दोन गोष्टी बघा. एक, पेन्सिलीच्या बुडाकडून बघा, शिसं बरोबर मधे आहे का. एका बाजूला सरकलेलं असेल तर शार्पनरचं पातं एकीकडं लाकूड सोलतं आणि दुसरीकडं शिसं. ती मोडणारच. दोन, काउंटरच्या काचेवर लोळवून बघा. सरळ असेल तर गडगडत जाते, वाकडी असेल तर ठुमकत जाते. दुकानदार बघत राहील, बघू दे.

पेठेतली_मावशी

मी महाद्वार रोडवर असं लोळवत बसले होते. दुकानदार म्हणाला, "मावशी, लाटणं पाहिजे असेल तर पुढच्या गल्लीत."

खडूमास्तर

शार्पनरचं पातं बोथट झालं की ते कापत नाही, पिळतं. पातं बदला, नाहीतर नवा शार्पनर घ्या, दहा-वीस रुपयांचा प्रश्न आहे. मी ब्लेडनं लाकूड सोलतो आणि टोक पॉलिश पेपरवर घासतो. रंगीत भुकटी पडते ती टाकून देत नाही, बोटानं आभाळाला चोळतो.

यावरून आठवलं. चंद्रकांत मांडरे यांची पावडर शेडिंगची चित्रं कुणी बघितली आहेत का? सिनेमातले चंद्रकांत. राजारामपुरीत त्यांचं कलासंग्रहालय आहे. कोरडी रंगीत भुकटी चोळून काढलेली निसर्गचित्रं. ब्रश नाही, पाणी नाही. पेन्सिलवाल्यांनी ती जवळून बघावीत. कोरड्या रंगानं धुकं कसं काढायचं ते तिथं कळतं.

निळीशाई

मास्तर, मी राजारामपुरीतच राहते आणि आत एकदाही गेलेली नाही. लाज वाटली.

तांबडा_रस्सा

त्यात काय. मी पेठेत राहतो, पन्हाळा बघायला पाहुणे यावे लागतात.

मुठेकाठी

मी रंकाळा काढायचा प्रयत्न केला होता, फोटोवरून. तळ्यातला दगडी संध्यामठ आणि मागं पाऊस भरलेलं आभाळ. आपल्या कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांनी संध्यामठ पाण्याच्या रंगात असा काही काढून ठेवलाय की आपण पेन्सिल खाली ठेवावी. पण हौस! निळा, करडा, हिरवट असे वीसेक थर झाले. चार दिवसांनी बघते तर सगळ्या गडद भागावर पांढरट साय. मला वाटलं बुरशी. चित्र टाकून दिलं.

घनसाळ

अरेरे! ती बुरशी नव्हती ताई. मेणाच्या पेन्सिलीचे जाड थर दिले की काही दिवसांनी आतलं मेण वर येतं आणि चित्रावर धुरकट पापुद्रा दिसतो. वॅक्स ब्लूम म्हणतात त्याला. मऊ सुती फडक्यानं हलकं पुसलं की जातो. नंतर फिक्सेटिव्हचा (चित्रावरचा रंग धरून ठेवणारा स्प्रे) हलका फवारा मारला की सहसा परत येत नाही. तेलाच्या पेन्सिलीला हा त्रास नसतो, निदान मला तरी झालेला नाही.

मुठेकाठी

आत्ता सांगताय. दोन वर्षं झाली टाकून.

वडणगेकर

पण आपल्याकडं पावसाळ्यात खरी बुरशीही येते, तेव्हा ओळखायचं कसं? माझं निरीक्षण असं: बुरशी ठिपक्यांनी येते, कागदाच्या पाठीमागंही दिसते आणि वास येतो. मेण फक्त रंगावर येतं, कोऱ्या कागदावर नाही.

अजून एक. जुलै-ऑगस्टमध्ये कागद दमट होतो, पापडासारखा. त्याच्यावर रंग नीट बसत नाही, टोक रुतल्यासारखं होतं. मी रात्री कागद गादीखाली ठेवतो.

आजरेकर_वहिनी

रंग एकमेकांत मिसळायला खोबरेल तेल चालतं असं एका व्हिडिओत बघितलं. कापसानं लावलं. सुरुवातीला काय सुंदर दिसलं! दुसऱ्या दिवशी कागद भजी बांधून आणल्यासारखा आरपार. मुंग्या आल्या नाहीत एवढंच.

घनसाळ

@आजरेकर_वहिनी, आजऱ्याचं नाव घालवलंत. :) मीही तिथलाच. तेल सुकत नाही ना, पसरतच जातं. टर्पेंटाईन उडून जातं, म्हणून ते चालतं. पण अगदी थोडं, खिडकी उघडी ठेवून, आणि पोराबाळांपासून लांब. मला स्वतःला वासानं डोकं चढतं, मी पांढरी किंवा फिकट क्रीम पेन्सिल वरून जोरात घासतो. थर एकजीव होतात आणि चकाकी येते. निळीशाई, तुमची पांढरी पेन्सिल यासाठी असते. कागदावर पांढरा रंग काढायला नव्हे.

निळीशाई

अच्छा! पण मग चपलेच्या कडेची पांढरी शिवण कशी काढू? वेणीच्या दोन पेडांमधली फट आहे, तिथं उजेड पडतो. ते पांढरं राखायला जाते आणि दर वेळी पेन्सिल आत शिरते.

खडूमास्तर

शाई संपलेलं बॉलपेन आहे? चित्राला रंग लावायच्या आधी शिवणीच्या रेघा त्या बॉलपेननं कागदात दाबून घ्या. कागद फाटेल इतकं नको, खाच पडेल इतकं. मग वरून पेन्सिल आडवी धरून रंगवा. टोक खाचेवरून निघून जातं, खाच पांढरी राहते. खालीवर आलेल्या टाक्यांना हे फार छान जमतं. मात्र एकदा दाबलं की माघार नाही, तेव्हा आधी दुसऱ्या कागदावर करून बघा.

आणि सावलीला काळी पेन्सिल लावू नका. काळ्यानं चामडं जळल्यासारखं दिसतं. तपकिरीवर गडद निळ्याचा थर द्या.

घनसाळ

मास्तरांना +१. चपलेसाठी माझी यादी, पॉलीक्रोमोसमधली, नंबरासकट: फिकट पिवडी १८३, बर्न्ट ओकर १८७, बर्न्ट सिएना २८३, अक्रोड तपकिरी १७७, गडद सेपिया १७५, गडद इंडिगो १५७, क्रीम १०२, आणि कापुट मॉर्ट्युम १६९.

शेवटची चुकवू नका. जांभळट तपकिरी. तेल मुरलेल्या चामड्याला, अंगठ्याच्या खळग्यात, हाच रंग असतो.

तांबडा_रस्सा

नाव जादूटोण्यातलं वाटतंय.

घनसाळ

लॅटिनमध्ये अर्थ "मेलेलं डोकं".

तांबडा_रस्सा

चपलेला मेलेलं डोकं! दुकानात जाऊन मागा बघू. "मालक, एक मेलेलं डोकं द्या, सुट्टं."

इचलकरंजीचा_माग

हा पण गंजच का?

घनसाळ

गंजच. लोहाचं ऑक्साइड.

मुठेकाठी

नावाचा विषय निघालाच आहे तर, कॅरन डॅश म्हणजे रशियन भाषेतला "करंदाश", पेन्सिल. तो शब्द मुळात तुर्की "कारा" आणि "ताश" वरून आला असं म्हणतात. काळा दगड.

पेठेतली_मावशी

म्हणजे पाटी-पेन्सिलच की. फिरून टाकीवाल्यापाशी आलो. :D

दप्तर

सगळे परदेशीच सांगतायत. आपण काय त्याच पेन्सिलींवर लहानाचे मोठे झालो का? कॅमलिन १९३१ पासून आपल्याकडं आहे, दांडेकरांनी शाईपासून सुरुवात केली. नटराज, अप्सरा, डोम्स आहेत. त्यांच्यात काहीच घेण्यासारखं नाही का? तीन हजार रुपये पेन्सिलीवर घालवणं मला पटत नाही.

खडूमास्तर

पटण्यासारखं बोललात. माझी अर्धी हयात देशी पेन्सिलींवर गेली आणि पोरांनी त्यांच्यावर बक्षिसं आणलीत. कच्चं काम, रंगांची जुळणी ठरवणं, रोजचा सराव, यासाठी त्याच वापराव्यात. महाग पेन्सिलीनं सराव करताना हात आखडतो, माणूस रंग वाचवायला बघतो. पण भिंतीवर लावायचं, कुणाला द्यायचं, पुष्कळ थर द्यायचे, तर तेवढ्यापुरत्या सात-आठ वरच्या प्रतीच्या असाव्यात. दोन्ही एकत्र वापरता येतात. खाली देशी, वर परदेशी, कुणाला कळत नाही. मात्र मेणाचा जाड थर खाली असेल तर त्यावर दुसरं काही नीट बसत नाही, तेव्हा खालचा थर हलकाच.

दप्तर

हे मान्य.

मुठेकाठी

मला अजून वाटतं सेट घ्यावा. पण माझं कोण ऐकतंय.

निळीशाई

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी परत आले, कारण मधे क्वार्टर एंड होता.

काय केलं ते सांगते. आधी फक्त कागद घेतला, दोनशे जीएसएम, आणि त्याच ७२ च्या डब्यानं रंगवून बघितलं. मास्तर, निम्मा फरक तिथंच पडला. नऊ निळ्यांतल्या दोन निळ्या चक्क वेगळ्या निघाल्या. बाकीच्या सात मात्र खरोखरच एक आहेत.

मग यादीतल्या आठ पेन्सिली. इथल्या एका दुकानात पाच सुट्ट्या मिळाल्या, लोळवून घेतल्या, एक ठुमकली ती परत दिली आणि दुसरी मागितली. उरलेल्या तीन ऑनलाइन. मेलेलं डोकं तिथंच मिळालं. तीन हजारातले निम्म्याहून जास्त पैसे शिल्लक आहेत. @मुठेकाठी, पुढच्या चित्राला पालवी काढायचीय, तेव्हा तुमचं ऐकावं लागणार असं दिसतंय.

बॉलपेनची युक्ती पहिल्यांदा फसली, फार दाबलं आणि कागदाच्या मागून शिवण उमटली. दुसऱ्यांदा जमली. रेघा दाबून झाल्यावर वरून पिवडी, मग सिएना, मग अक्रोड, आणि एकेक टाका पांढरा वर यायला लागला तेव्हा मी मुलाला अभ्यासातून उठवून दाखवलं. अंगठ्याच्या खळग्याला अकरा थर लागले. सावलीत इंडिगो घातला. चामड्यावर निळा! पण दिसत नाही, नुसतं खोल वाटतं.

अजून डाव्या पायाची राहिलीय. रोज रात्री अर्धा तास.

घनसाळ

फोटो टाका!

निळीशाई

दोन्ही पाय झाले की टाकते. घाई मलाही आहे. बाबा महिनाभर रबरी स्लिपर घालून रंकाळ्यावर फिरायला जातायत. काल टीपॉयपाशी उभे राहिले, आधी चपलेकडं बघितलं, मग कागदाकडं बघितलं आणि म्हणाले, "उजवी झालीय ना? मग उजवी तरी दे."